पोर्तुगीज १७४० ला गेले, पण रायगडच्या कोर्लई गावात त्यांच्या भाषेतून जन्मलेली बोली आजही घराघरात बोलली जाते

‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ परभणीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो ही म्हण पूर्ण करेल. त्यामुळे विषय कोणताही असो, त्यात आपली परभणी कुठे बसते हे शोधायची आम्हाला खोडच आहे.

आता आजचा विषय आहे समुद्रकाठच्या एका गावाचा. परभणीत बसून समुद्र बघायचा म्हणजे रेल्वेत एक रात्र काढावी लागते. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, दुधना नाहीतर पूर्णा. तरीही या गोष्टीत परभणी आहे, आणि ती अगदी सुरुवातीलाच आहे.

गावाचं नाव कोर्लई. २०२२ मध्ये तिथल्या जमिनीवरून आणि बंगल्यांवरून राजकीय वाद झाला, तेव्हा हे नाव आठवडाभर टीव्हीवर फिरत होतं. बऱ्याच जणांना कोर्लई आठवतं ते तेवढ्यापुरतंच. पण या गावाकडे एक अशी गोष्ट आहे जी अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याच गावाकडे नाही. ती म्हणजे तिची स्वतःची भाषा. जगात ही भाषा फक्त आठशे ते हजार लोक बोलतात, आणि त्यांचं मूळ गाव हेच.

ही भाषा आली कुठून, टिकली कशी आणि आता तिचं काय होणार, हेच सविस्तर बघू.

कोर्लई नेमकं कुठे आहे?

अलिबागहून मुरूडकडे निघालात की आधी चौल लागतं, मग रेवदंडा. रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव येतं आणि पुढे थोड्याच अंतरावर कोर्लई. तालुका मुरूड, जिल्हा रायगड.

गावाजवळ एक लांबट डोंगर थेट समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला आहे आणि पायथ्याशी दीपगृह. किल्ल्यावरून एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे रेवदंड्याच्या कोटाचे अवशेष दिसतात. मोक्याची जागा म्हणतात ती हीच. खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज या डोंगराखालूनच जाणार.

गावात कोळी आहेत, शेतकरी आहेत, मुसलमान कुटुंबं आहेत. आणि कॅथलिक ख्रिस्ती वस्ती आहे, जिथे आपल्या विषयाची भाषा बोलली जाते.

आधी चौल होतं

कोर्लई समजायचं तर आधी समोरचं चौल समजून घ्यावं लागतं. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेलं हे गाव एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणात त्याचा उल्लेख ‘सेमिल्ला’ असा येतो. अरब प्रवासी त्याला ‘सैमूर’ म्हणायचे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास भारतात उतरला तोही चौललाच. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या जवळपास तीस वर्षं आधी.

बंदर म्हटलं की माणसं येतात आणि राहतात. रेवदंड्याला बेने इस्रायल ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आसपास मशिदी आहेत, जुनी देवळं आहेत. या गर्दीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले.

येताना ते लढतच आले. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली. पोर्तुगीजांचा भारतातला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लॉरेन्सो तिथे मारला गेला. पण हरून परत जातील ते पोर्तुगीज कसले.

आणि इथे येते आपली पाथरी

त्या काळात चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे होतं. आता ही निजामशाही कुणाची, तर मलिक अहमद याने स्थापन केलेली. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा हिंदू. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते, गावच्या कुलकर्णीपणाचं वतन त्यांच्याकडे होतं आणि दुष्काळामुळे ते विजयनगरच्या मुलखात गेले होते. तिथे बहमनी फौजेच्या हाती लागलेला एक मुलगा बाटवला गेला आणि पुढे बहमनी राज्याचा मोठा सरदार झाला. तोच मलिक हसन.

पाथरी म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली पाथरी. पूर्वजांचं गाव म्हणून बुऱ्हाण निजामशहाला ती इतकी हवी होती, की त्यासाठी त्याने वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण घेतलं आणि १५१८ च्या सुमारास ती ताब्यात घेतली.

याच बुऱ्हाण निजामशहाच्या काळात पोर्तुगीजांना चौलजवळ कोट बांधायची परवानगी मिळाली. वर्ष १५२१. निजामशाहीला हवे होते समुद्रमार्गे येणारे घोडे, पोर्तुगीजांना हवा होता किनाऱ्यावर पक्का पाय. १५२४ पर्यंत रेवदंड्याचा कोट उभा राहिला. म्हणजे कोर्लईच्या भाषेची पहिली वीट ज्या परवानगीने बसली, ती देणाऱ्याचं मूळ गाव पाथरी. भारतात परभणी, उगाच नाही म्हणत.

किल्ल्याचं भांडण

रेवदंडा मिळाला तरी समोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांच्या डोळ्यात होता. तिथे तोफा चढवल्या तर रेवदंडा थेट माऱ्यात. हेच निजामशाहीलाही कळत होतं. सोळाव्या शतकाच्या मध्याला यावरून तंटा झाला आणि शेवटी दोघांपैकी कुणीच डोंगरावर किल्ला बांधायचा नाही, असं ठरलं.

पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला. कित्येक महिने झुंज चालली, पण पोर्तुगीज हटले नाहीत. मग १५९० च्या दशकात दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतलाच. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी चढाई करून तो जिंकला. किल्ल्यात त्यांनी चर्च बांधलं, ज्याचे अवशेष आजही दिसतात.

छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात, १६८३ मध्ये, मराठ्यांनी चौलला वेढा दिला होता, पण तेव्हा ते हाती लागलं नाही. निकाल लागला तो पुढच्या शतकात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली. त्याच मोहिमेत सुभानराव माणकर यांना कोर्लईवर पाठवलं होतं. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीजांनी गाशा गुंडाळला.

किल्ल्याची गोष्ट इथे संपते. भाषेची मात्र इथून सुरू होते.

मागे कोण राहिलं?

सव्वादोनशे वर्षं परकी फौज एखाद्या ठिकाणी राहते तेव्हा तिथे फक्त फौज राहत नाही. शिपाई स्थानिक बायकांशी लग्नं करतात. घरकामाला, शेतात, कोटात माणसं लागतात. काही बाटवलेली, काही गुलाम म्हणून आणलेली. मालकाची भाषा पोर्तुगीज आणि कामकऱ्यांची मराठी. रोजचं काम भागवायला दोन्हींची मोडतोड होते. पहिली पिढी जेमतेम काम भागवते. पण त्या घरात जन्मलेल्या लेकरांसाठी तीच मोडकीतोडकी बोली मातृभाषा होते, आणि लेकरं तिला स्वतःचं नीट व्याकरण देतात. अशा भाषेला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ म्हणतात.

१७४० ला ज्यांना जाणं शक्य होतं ते अधिकारी आणि श्रीमंत कुटुंबं गेली. गरीब, कष्टकरी स्थानिक ख्रिस्ती माणसं जाणार कुठे? ती इथेच राहिली. त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही राहिली.

गावकरी या भाषेला ‘क्रिस्ती’ म्हणतात. दुसरं नाव ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ किंवा भाषा, त्यावरून हा ‘लिंग’ आलाय. मराठी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे कमेंटमध्ये विनोद करायच्या आधी हे वाचून घ्या.

ही म्हणजे गोव्याची कोकणी का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आहे, नाही. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, तरीही सामान्य गोवेकराची घरची भाषा कोकणीच राहिली. कोकणीत पोर्तुगीज शब्द भरपूर आले, पण तिचा सांगाडा मराठीसारखाच भारतीय. कोर्लईत उलट आहे. इथे बहुतेक शब्द पोर्तुगीज आणि ते मांडायची पद्धत बऱ्याच अंशी मराठी.

उदाहरण बघा. पोर्तुगीजमध्ये वाक्य होतं ‘मी खातो भात’, क्रियापद मध्ये. क्रिस्तीत मराठीसारखं ‘मी भात खातो’, क्रियापद शेवटी. पोर्तुगीजमध्ये मी, तू, तो, आम्ही यांप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलतं. क्रिस्तीत ती कटकट नाही.

सगळ्यात गंमत क्रियापदांची आहे. पोर्तुगीज ‘कांतार’ म्हणजे गाणं, त्याचं इथे झालं ‘काता’. ‘बेबेर’ म्हणजे पिणं, त्याचं झालं ‘बेबे’. आणि मराठीतून क्रियापद उसनं घ्यायचं असेल तर त्याला शेवटी ‘ऊ’ लावायचा. मराठी ‘लोट’ घेतला, झालं ‘लोटू’. म्हणजे मराठी क्रियापदांसाठी या भाषेने वेगळा कप्पाच करून ठेवलाय. ज्या भाषेला ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणून हिणवलं गेलं, तिच्यात असा नेमका नियम आहे.

आणि पोर्तुगीज शब्द म्हटल्यावर फार नाक मुरडू नका. बटाटा, पाव, चावी, बादली, घमेलं, कोबी, काजू, अननस, लिलाव, पगार हे सगळे शब्द मराठीत पोर्तुगीजमधूनच आलेत. पोर्तुगीजांनी परभणीत कधी पाऊल ठेवलं नाही, तरी आमचे लोक रोज पगाराची वाट बघतात.

इतकी वर्षं टिकली कशी?

पोर्तुगीज बोली एकेकाळी फक्त कोर्लईत नव्हती. वसई, मुंबई, साष्टी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती समाजातही ती बोलली जायची. सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो या गोव्याच्या विद्वानाने १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर अभ्यास छापला. पुढे मुंबईच्या आसपासची बोली इंग्रजी आणि मराठीपुढे विरून गेली. कोर्लईत राहिली. का?

पहिलं कारण भूगोल. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि पलीकडे जायचं तर होडी. कुंडलिकेवरचा पूल झाला तो १९८० च्या दशकात.

दुसरं कारण धर्म आणि जात. आजूबाजूचे सगळे हिंदू किंवा मुसलमान, त्यामुळे लग्नं आपसातच. शिवाय ही माणसं गरीब आणि समाजाच्या उतरंडीत खाली ढकललेली. इतरांनी त्यांना लांब ठेवलं, आणि लांब ठेवलेल्या वस्तीत तिची भाषा शाबूत राहिली. ऐकायला रोमँटिक वाटतं, पण या टिकण्यामागे बहिष्कृतपणही आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरं कारण चर्च. गावातलं माउंट कार्मेल मातेचं चर्च हा वस्तीचा मध्य. राज्य गेलं तरी पोर्तुगीज जाणणारे पाद्री पुढे कितीतरी काळ येत राहिले. त्यामुळे मूळ भाषेशी एक धागा जुळलेला राहिला. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये स्थानिक भाषेत उपासना सुरू झाली. कोर्लईत ती स्थानिक भाषा मराठी ठरली. क्रिस्तीला तो मान मिळाला नाही.

मग जगाला कळलं कसं?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी अभ्यासक इथे येऊ लागले. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी अनेक वर्षं या भाषेवर काम केलं आणि १९९६ मध्ये तिच्या जन्मावर आणि वाढीवर अख्खं पुस्तक लिहिलं. पोर्तुगीज क्रिओल तशा दमण-दीवमध्ये, श्रीलंकेत आणि मलेशियाच्या मलाक्कातही आहेत. मलाक्काच्या भाषेचं नाव ‘क्रिस्तांग’, आपल्या क्रिस्तीची लांबची मावसबहीणच. केरळात कोचीजवळच्या वैपीन बेटावरही अशीच एक भाषा होती. तिचा शेवटचा अस्खलित बोलणारा माणूस २०१० मध्ये गेला, आणि ती भाषा त्याच्याबरोबर गेली.

कोर्लईसाठी ही बातमी म्हणजे धोक्याची घंटा होती.

आता अडचण काय आहे?

अडचण अशी, की ज्या गोष्टींमुळे भाषा टिकली त्या आता राहिल्या नाहीत, आणि त्या राहू नयेत हेही तितकंच खरं. पूल झाला, साळावला कारखाना आला, पोरं शिकली, मुंबईला नोकरीला लागली. गावातल्या सगळ्यांना मराठी येतेच. शाळा मराठीत, नोकरीसाठी इंग्रजी, मोबाइलवर हिंदी. क्रिस्तीला उरतं घर आणि गल्ली.

भाषेला स्वतःची लिपी नाही. शाळेचं पुस्तक नाही. सरकारदरबारी तर ती दिसतसुद्धा नाही. आपल्याकडे जनगणनेत १०,००० पेक्षा कमी लोक बोलत असलेल्या भाषेचं नाव वेगळं छापत नाहीत. १९७१ पासून ही पद्धत आहे. २०११ च्या जनगणनेत १२१ भाषा दाखवल्या गेल्या. हजारभर लोकांची क्रिस्ती त्या यादीत येणं शक्यच नाही.

ज्या भाषा मागे पडल्या त्या परत उभ्या राहू शकतात का? ब्रिटनमधलं वेल्स बघा. तिथेही समुद्रकाठची छोटी छोटी गावं आणि शेजारी इंग्रजीसारखी राक्षसी भाषा. एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात काही शाळांमध्ये शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवायचे. पण वेल्शमध्ये १५८८ पासून अख्खं बायबल छापलेलं होतं. पुढे लोकांनी आंदोलनं केली, १९८२ मध्ये वेल्श टीव्ही वाहिनी आली, १९९३ मध्ये भाषेसाठी कायदा झाला, शाळा निघाल्या, रस्त्यांवरच्या पाट्या दोन भाषांत झाल्या. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं सांगितलं. २०५० पर्यंत १० लाखांचं लक्ष्य तिथल्या सरकारने ठेवलंय.

कोर्लईकडे बायबल नाही, वाहिनी नाही, कायदा नाही आणि लाखो माणसं तर नाहीतच. वेल्सचा रस्ता जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण एक गोष्ट तिथून घेता येते. भाषा तेव्हाच टिकते जेव्हा ती बोलणाऱ्या पोराला तिची लाज वाटत नाही.

यात आपला काय संबंध?

हे परभणीच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. कोर्ट-कचेरी उर्दूत, हैदराबादचं विद्यापीठसुद्धा उर्दूत. निजाम गेला, पण त्याच्या कचेरीतले कितीतरी शब्द आपल्या बोलीत मुरले. राजा जातो, शब्द राहतात, हे आपण घरीच पाहिलंय.

दुसरी गोष्टही आपण पाहिलीय. परभणीचा पोरगा पुण्यात शिकायला जातो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोलण्यावर वर्ग हसतो. माझ्याही वेळी हसला होता. मग पोरगं हळूहळू ‘शुद्ध’ बोलायला लागतं आणि सुट्टीत घरी आलं की आई म्हणते, किती बदललास रे. आपल्या बोलीमागे मराठीसारखी कोट्यवधींची भाषा उभी आहे, म्हणून ती तगून जाते. कोर्लईच्या पोराने लाजून बोलणं सोडलं तर त्याच्यामागे उभं राहायला कुणी नाही.

जायचं असेल तर

किल्ला जरूर बघा. दीपगृहाच्या बाजूने वर जायला वाट आहे, चढ फार नाही, पण पावसाळ्यात दगड निसरडे होतात. वरून खाडी, रेवदंडा आणि समुद्र एकदम दिसतात. खाली गावात मात्र एक लक्षात ठेवा. ‘महाराष्ट्रातलं पोर्तुगीज गाव’ म्हणून रील करायला येणारे हल्ली कमी नाहीत. तिथली माणसं पोर्तुगीज नाहीत. ती आपल्याच मातीतली आहेत, मराठी बोलतात, भात आणि भाजीपाला पिकवतात. कुणाच्या दारात कॅमेरा धरून ‘जरा तुमची भाषा बोलून दाखवा ना’ असं म्हणणं म्हणजे पुण्यातल्या त्या वर्गासारखंच झालं.

बोलणं निघालंच, आणि समोरच्याने मनाने एखादा शब्द सांगितला, तर तो ऐका, नीट उच्चारा, त्याचा अर्थ विचारा. पाचशे वर्षांपूर्वी पाथरीच्या वंशातल्या एका सुलतानाने दिलेल्या परवानगीतून, पोर्तुगीज शिपायांच्या आणि कोकणातल्या बायकांच्या घरांतून तो शब्द इथवर आलेला असतो. पुढच्या पिढीपर्यंत तो पोचेल की नाही, हे कोर्लईच्या घरांत संध्याकाळी पोरांशी कोणत्या भाषेत बोललं जातं यावर ठरणार आहे.